“जळत नाही” असं मला सांगितलं होतं

लेबल मी उलटं धरलेलं. मला ते माहीत नव्हतं.

लिमयेबाबूंनी ते माझ्या हातातून घेतलं नाही. “टेबलावर ठेव,” म्हणाले. मी ठेवलं. मग त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने ते फिरवून सरळ केलं आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मडमबाईंना इंग्रजी वाचायचंय. तेही खालून वर.”

हमाल हसले. डबे भरणारे हसले. आम्ही लेबलं चिकटवणाऱ्या सहा बायका होतो, त्यातल्या पाच हसल्या. सोनूसुद्धा हसली, पदर तोंडाला लावून. तिचा मला राग आला नाही. बाबू विनोद करायचे तेव्हा हसायचं, हा तिथला रिवाज होता. दुसऱ्या कुणावर झाला असता तर मीही हसलेच असते.

लिमयेबाबू आमच्या कारखान्यातले स्टोअरचे कारकून. मॅट्रिक झालेले, पांढरं धोतर, काळा कोट, खिशाला दोन पेनं. कारखाना रंगाचा. ठाण्यात, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला. मी बाळकुमहून चालत यायचे. गावाच्या कडेला आमची वस्ती होती, महारांची. स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. कारखान्यात पाण्याचे माठ दोन होते. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

मी मराठी तिसरीपर्यंत शिकलेले. मराठी अक्षर लावून लावून वाचता यायचं, नाव लिहिता यायचं. इंग्रजीचा एक काना ठाऊक नव्हता. आणि दिवसभर हातात इंग्रजीच. लेबलं मुंबईहून छापून यायची. आधी पांढरी-निळी असायची, कारण कारखान्यात भिंतीचा रंग व्हायचा, पाण्यात कालवायचा. मग त्या वर्षी पिंपांतून एक नवीन द्रव यायला लागला. पाण्यासारखा, पण पाण्यापेक्षा हलका. थिनर म्हणायचे. त्याच्या डब्यांना नवीन लेबल आलं आणि त्या लेबलावर खाली आडवा एकच शब्द, लाल अक्षरांत. अकरा अक्षरं. मी मोजलेली. मधे दोन अक्षरं सारखी, दोन डोंगर शेजारी शेजारी असल्यासारखी. बाकीचं लेबल काळं आणि हाच एक शब्द लाल का, हे मला कळेना.

लाल शाई महाग असते. उगीच कोण वापरेल?

शिवाय तो वास. रॉकेल असतं तर आम्ही ओळखलं असतं. घरोघरी रॉकेलच होतं. हा वास गोडसर होता. पहिल्या दिवशी बरा वाटला, तिसऱ्या दिवशी डोकं धरलं. सोनू म्हणायची, “नाकात झोंबतंय गो. चांगला नाय ह्यो.”

हे सगळं मनात असतानाच शेगडी आत आणायचं निघालं.

लेबलं चिकटवायला खळ लागायची. मैद्याची खळ आम्ही कोळशाच्या शेगडीवर शिजवायचो, आणि शेगडी बाहेर, पडवीत असायची. पण पिंपं वाढली. पडवीत पिंपं रचली. लिमयेबाबू म्हणाले, खळ आतच शिजवा, जा-ये करण्यात वेळ जातो. आत म्हणजे शेडमध्ये. जिथे डबे भरायचे, तिथून आठ-दहा पावलांवर.

म्हणून मी लेबल घेऊन गेलेले. म्हणून विचारलेलं, “बाबू, ह्ये तांबडं काय लिवलंय? इस्तवाचं काय हाय का?”

हसणं थांबल्यावर त्यांनी मला अर्थ सांगितला. हे मला शब्दन् शब्द आठवतं. त्यांनी पेन्सिल त्या शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांवर ठेवली.

“हे इन. इन म्हणजे नाही. इनकम्प्लीट, पुरं नाही ते. इनकरेक्ट, बरोबर नाही ते. कळतंय का? आणि हे पुढचं फ्लेम. फ्लेम म्हणजे ज्वाला. आता जोड. इनफ्लेमेबल. जळत नाही असं. जा आता, चिकटव.”

आणि मला बरं वाटलं. हे कबूल करायला लाज वाटते, पण खरं आहे. माझ्यावर हसले होते, पण मला काहीतरी मिळालं होतं. एका शब्दाचा अर्थ. इन म्हणजे नाही. फ्लेम म्हणजे ज्वाला. मी ते घोकतच जागेवर आले. सोनूने विचारलं, “काय म्हनला गो?”

मी सांगितलं, “जळत न्हाई म्हनं. तसंच लिवलंय त्यावर.”

शेगडी आम्ही दोघींनीच उचलून आत आणली. एका बाजूला मी, एका बाजूला सोनू.

माझं नाक मला सांगत होतं. सोनूचं नाक सांगत होतं. पण बाबूचं इंग्रजी आमच्या दोघींच्या नाकापेक्षा मोठं होतं.

सोनूबद्दल सांगायला हवं. ती बाळकुमचीच, आगऱ्याची. नवरा मिठागरावर कामाला. आमची वाट एकच होती, म्हणून येता-जाता बरोबर. पहिले दोन-तीन महिने ती चार पावलं पुढे चालायची. मग शेजारून चालायला लागली. आमच्या माठातलं पाणी ती प्यायची नाही. पण जेवायच्या सुट्टीत तिच्या फडक्यातला सुका बोंबील माझ्या भाकरीवर ठेवायची, वरून, हात न लावता. मी तो खायचे. मला तो आवडायचा आणि वरून पडलेला म्हणून घशात अडकायचा. दोन्ही एकदम. तिला त्यात काही वाईट दिसत नव्हतं. तिच्या आईनेही असंच ठेवलं असतं. तरी सबंध कारखान्यात माझ्याशी मनातलं बोलणारी ती एकटीच होती. मुलगी चार वर्षांची होती तिला. मुलीला शाळेत घालायचं म्हणायची. “ती मिठात पाय नाय घालनार,” म्हणायची. नवऱ्याच्या पायांना भेगा पडलेल्या ती रोज पाहत होती.

शेगडी आत आली त्याला बारा-पंधरा दिवस झाले असतील. काहीच झालं नाही. मला खात्री पटली. खरंच जळत नसणार.

त्या दुपारी जेवण करून आम्ही नुकत्याच बसलो होतो. सोनू खळ ढवळत होती. मी लेबलांचा गठ्ठा सोडत होते. डबे भरणाऱ्याचा नरसाळ्यावरचा हात चुकला, की डबाच कलंडला, ते मला दिसलं नाही. आवाज आला. द्रव जमिनीवर सांडला. उतार आमच्याकडे होता. सोनू नुसती पाय वर घेऊन बसली, पाणी सांडल्यावर बसतो तशी.

द्रव शेगडीपर्यंत पोचलाही नव्हता. त्याच्या आधीच आग आली. जमिनीवरून निळी आग धावत गेली, शेगडीकडून डब्याकडे, उलटी. मी अशी आग कधी पाहिली नव्हती. लाकडाची आग थांबून थांबून लागते. ही थांबलीच नाही.

सोनूचं लुगडं पेटलं. तिने ते दोन्ही हातांनी विझवायचा प्रयत्न केला. कुणीतरी बादलीभर पाणी मारलं आणि आग पाण्याबरोबर पसरली. मी गोणपाट टाकलं तिच्यावर, मग अंगावर पडले तिच्या. माझे दोन्ही कोपर भाजले, ते वण अजून आहेत. बाकी मला काही झालं नाही. तिचे हात मनगटापर्यंत गेले. पोट, मांड्या.

ती ओरडली नाही. तिने मला एवढंच विचारलं, “जलत नाय ना गो?”

तिला हातगाडीवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. मी गाडीबरोबर चालत होते. लिमयेबाबू दारात उभे होते. ते आमच्याकडे बघत नव्हते. आतल्या लेबलांच्या गठ्ठ्याकडे बघत होते.

दवाखान्यात मी रोज जायचे. कारखाना चार दिवस बंद होता, आणि नंतर उघडला तेव्हाही मी आधी तिकडे जायचे, मग कामावर. सोनूच्या दोन्ही हातांना बोटं दिसणार नाहीत असं पट्ट्यांचं बोचकं बांधलेलं. तिसऱ्या दिवशी तिने पाणी मागितलं. खाटेशी तिची सासू होती, नवरा होता. दोघे जागचे उठायच्या आत ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तू दे.”

मी भांडं तिच्या ओठाला लावलं. सासू बघत होती. मी तिच्या तोंडावरून सांडलेलं पाणी माझ्या पदराने पुसलं. मला आनंद व्हायला हवा होता का? झाला नाही. एवढं जळावं लागलं त्यासाठी, एवढंच मनात आलं.

त्याच दिवशी मला तो शब्द दिसला.

वॉर्डात एक सिस्टर होती. ठाण्याचीच ख्रिस्ती बाई, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, घरात मराठीच बोलणारी. ती माझ्या कोपरांची पट्टी बदलत होती. तिच्या तबकात एक बाटली होती आणि बाटलीवर चिठ्ठी. चिठ्ठीवर खाली अकरा अक्षरं. मधे दोन डोंगर. लाल नव्हती, काळी होती, पण मी चार महिने रोज तो शब्द शेकड्यांनी चिकटवलेला. मला अक्षरं येत नव्हती, शब्द तोंडपाठ होता.

मी म्हटलं, “सिस्टर, ह्ये जळत न्हाई न्हवं?”

ती म्हणाली, “काय जळत नाही? स्पिरिट आहे ते. काडी दाखवलीस तर भडकेल.”

“पन वर तर लिवलंय. इन म्हंजी न्हाई.”

तिने माझ्याकडे पाहिलं. हसली नाही. “कोणी सांगितलं तुला?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं. लेबल, पेन्सिल, शेगडी. सांगताना माझा आवाज कुठून येतोय ते मला कळत नव्हतं.

सिस्टर हातातलं काम थांबवून माझ्यासमोर स्टुलावर बसली. तिने जे सांगितलं ते मी पुढे कितीतरी बायकांना सांगितलंय, म्हणून पाठ आहे. ती म्हणाली, “हा फसवा शब्द आहे, बाई. शिकत होते तेव्हा मीसुद्धा फसले. पुष्कळ फसतात. सगळीकडे इन म्हणजे नाही असं नसतं. इथला इन म्हणजे ‘आत’. इन्फ्लेम म्हणजे पेटवणं, आगीत घालणं. त्यातून हा शब्द झाला. पटकन पेट घेणारं. जखम सुजून लाल होते, आग आग होते, त्यालाही आम्ही त्याच घरातला शब्द वापरतो. आणि एखादा माणूस लगेच भडकणारा असेल तर त्यालाही कोणी म्हणतं. पण बाटलीवर असला की अर्थ एकच. विस्तव लांब ठेव.”

मी विचारलं, “मग नुस्तं पेटतं असं का न्हाई लिवत?”

ती म्हणाली, “ज्यांना वाचता येतं त्यांनीच लिहिलेलं असतं ना.”

मी सोनूच्या खाटेशी जाऊन बसले. तिला सांगणं भाग होतं. दवाखान्यातल्या माणसाला असलं सांगू नये म्हणतात. पण तिला कोणी चुकीचं सांगितलं होतं? मी. खरंही मीच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, “सोनू, मी तुला जळत न्हाई म्हनले. त्ये खोटं व्हतं. त्याचा अर्थ पेटतंय असा हाय.”

ती छताकडे बघत म्हणाली, “मना पन खराच वाटला. इंग्लिस होता ना.”

तिने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. ती तेवढंच बोलली.

पाचव्या दिवशी लिमयेबाबू दवाखान्यात आले. हातात टाइप केलेला कागद आणि शाईचं पॅड. सोनूचा अंगठा घ्यायला. तिच्या हातांची बोचकी बघून ते खाटेपाशी तसेच उभे राहिले. पॅड कुठे लावणार? जरा वेळाने त्यांनी झाकण बंद केलं, पॅड कोटाच्या खिशात घातलं आणि गेले.

सोनू नवव्या दिवशी गेली. सकाळी. मी पोचले तेव्हा खाट रिकामी होती आणि सिस्टर गादी गुंडाळत होती.

मग अंगठा माझा हवा होता.

मॅनेजरच्या खोलीत बोलावलं. टेबलामागे मॅनेजर. शेजारी खुर्चीवर सरकारी इन्स्पेक्टर, कारखान्यांची तपासणी करणारा, टोपी मांडीवर. उभे लिमयेबाबू. तोच टाइप केलेला कागद, शेजारी तेच पॅड.

आदल्या संध्याकाळी नवऱ्याने मला समजावलेलं. तो रेल्वेच्या गँगमध्ये होता, रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत. वाईट माणूस नव्हता, भ्यायलेला होता. म्हणाला, “अंगठा दे नि सुट. ती तर गेली. तुझं काम राहू दे.” सकाळी निघतानाही काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. मी शूर बिर नव्हते.

लिमयेबाबू म्हणाले, “आग कशी लागली, तेवढंच लिहिलंय. उमटव अंगठा.”

मी म्हटलं, “मला सही येती. पन आधी वाचून दावा.”

मॅनेजरने घड्याळ पाहिलं. लिमयेबाबूंनी कागद उचलला आणि मराठीत सांगायला लागले. शेगडी शेडमध्ये होती, डबा कलंडला, आग लागली, सोनूबाई भाजली. चार ओळींत संपलं. कागदावर ओळी वीसएक होत्या.

मी जवळ गेले. कागदाकडे बघितलं. मला एक अक्षर येत नव्हतं. पण कागदाच्या मध्यावर, मोठ्या अक्षरांत, तो शब्द होता. आणि खाली आणखी एकदा. मी त्यावर बोट ठेवलं. पहिल्यांदाच त्यांच्या टेबलावरच्या कागदाला माझं बोट लागलं असेल.

“ह्यो शब्द दोनदा हाय. तुम्ही सांगितलं त्यात तर एकदाबी न्हवता. हितं काय लिवलंय?”

इन्स्पेक्टर पुढे वाकला. कागद स्वतःकडे ओढून घेतला, वाचला, आणि मला मराठीत सांगितलं. कामगारांनी स्वतःच्या सोयीसाठी, कुणाच्याही हुकमाशिवाय शेगडी आत आणली. प्रत्येक डब्यावर धोक्याची सूचना स्पष्ट छापलेली होती. सूचना चिकटवण्याचं काम ह्याच बायका करत होत्या, त्यामुळे ती त्यांना माहीत नव्हती असं म्हणता येणार नाही. सोनूबाईने सूचनेकडे दुर्लक्ष केलं.

म्हणजे सोनूला सोनूनेच जाळलं. आणि त्याखाली माझा अंगठा.

मॅनेजर म्हणाला, “तूच चिकटवत होतीस ना ती लेबलं? मग?”

हो, मीच चिकटवत होते. माझ्या हातांना त्या शब्दाची खळ होती.

मी लिमयेबाबूंना विचारलं, “बाबू, ह्या शब्दाचा अर्थ सांगा.”

“तुला काय करायचंय?”

इन्स्पेक्टर म्हणाला, “सांगा ना.”

“ज्वालाग्राही,” लिमयेबाबू म्हणाले.

“म्हंजी काय?”

“पेट घेणारं.”

“मग मला जळत न्हाई असं का सांगितलंत?”

लिमयेबाबूंचे कान लाल झाले. ते इन्स्पेक्टरकडे वळून म्हणाले, “साहेब, ही धादांत खोटं बोलते. मी हिला का सांगेन? हिला इंग्रजी काय कळतंय?”

त्यांनी हे म्हटलं आणि काय करायचं ते माझं ठरलं. मी इन्स्पेक्टरकडे बघून म्हटलं, “साहेब, इन म्हंजी न्हाई. इनकम्प्लीट, पुरं न्हाई त्ये. इनकरेक्ट, बरूबर न्हाई त्ये. फ्लेम म्हंजी ज्वाला. ह्ये मी कुठनं शिकले? आमच्या वस्तीत फ्लेम कुनाला ठावं न्हाई. माझा नवरा रूळ ठोकतोय. ह्ये मला पेन्सिल लावून बाबूंनी शिकीवलं. शेगडी आत घ्या असंबी त्यांनीच सांगितलं. सगळी शेड ऐकत व्हती. सगळी हसत व्हती.”

इन्स्पेक्टरने वही काढली. मला पुन्हा सांगायला लावलं. हळूहळू. मी सांगितलं, तो लिहीत गेला. इनकम्प्लीट. इनकरेक्ट. लिमयेबाबूंनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांनी मला शिकवलेलं तेवढंच इंग्रजी माझ्याकडे होतं. चुकीचं होतं. पण त्यांचंच होतं.

त्यांची चूक झाली होती. चूक कुणाचीही होते, सिस्टरचीही झाली होती. त्या दिवशी खोलीत ते एवढंच म्हणाले असते, की हो, मी चुकीचं सांगितलं, तर आज मी हे दुसऱ्या तऱ्हेने सांगत असते. पण ते म्हणाले नाहीत. आपली एक चूक उघडी पडण्यापेक्षा मेलेल्या बाईवर ती टाकणं त्यांना सोपं वाटलं. ते त्यांनी विचार करून, टाइप करून केलं. ती चूक नव्हती.

मी त्या कागदावर सही केली नाही.

शेडमध्ये इन्स्पेक्टरने बाकीच्यांना विचारलं. कुणाला काही आठवत नव्हतं. मी त्यांच्या तोंडांकडे बघत होते. त्या दिवशी किती मोठ्याने हसले होते. फक्त आमच्यातली एक म्हातारी बाई, जिच्याशी मी कधी धड बोललेही नव्हते, हातातलं लेबल खाली ठेवून म्हणाली, “मी ऐकलं. मी हसले पन.”

तो टाइप केलेला कागद पुढे गेला नाही एवढं मला कळलं. सोनूच्या नवऱ्याला तिच्या नावावर दोष आहे असं कुणी म्हणू शकलं नाही. कारखान्याला काय झालं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्हाला कोण सांगणार? शेगडी बाहेर गेली. मॅनेजरने लेबलावर मराठी छापून आणलं. लाल अक्षरांत, ज्वालाग्राही. मी ते वाचू शकले, तरी शेजारच्या बायकांना सांगावं लागलं. मी मुकादमाला म्हटलं, पेटतं असं लिहा, आम्ही बोलतो ती साधी मराठी वापरा. तो म्हणाला, छापून झालंय. महिनाभराने माझं काम गेलं. कारण दिलं नाही, मी विचारलंही नाही. लिमयेबाबू मुंबईच्या ऑफिसात गेले. बढती होती म्हणे.

आम्ही कल्याणला राहायला गेलो, नणंदेच्या शेजारी. तिथे रेल्वेच्या चाळीत एक शिक्षकीण दुपारी बायकांना शिकवायची. मी तिच्याकडे इंग्रजी मुळाक्षरं शिकले. दुसऱ्या बायका आपलं नाव लिहायला शिकत होत्या. मी पहिली ती अकरा अक्षरं एकेक करून ओळखली. कामाच्या ठिकाणी कुठलाही डबा, पोतं, पिंप हाताशी आलं की मी त्यावर काय लिहिलंय ते मोठ्याने विचारायचे. कोणी उडवून लावलं तर पुन्हा विचारायचे. सांगत नाहीत तोवर हात लावायचा नाही. दोन ठिकाणची कामं त्यापायी गेली. गेली तर गेली.

चार-पाच वर्षांनी सोनूच्या मुलीला बघायला बाळकुमला निघालेले. ठाण्यात खोपटच्या स्टँडवर एस.टी.ची वाट बघत उभी होते. शेजारी येऊन कोणीतरी उभं राहिलं. लिमयेबाबू. कोट तोच की दुसरा, कोण जाणे. केस पांढरे झालेले. त्यांनी मला ओळखलं. मला वाटलं, निघून जातील. गेले नाहीत.

हळू आवाजात म्हणाले, “बाई, ते अजून माझ्या मनातून जात नाही. माझ्या घरी पण मुली आहेत. झालं गेलं विसरून जावं. माफ करावं.”

मला “बाई” म्हणाले. “करावं” म्हणाले. आजूबाजूला माणसं होती, तरी म्हणाले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांना खरंच त्रास होत होता. ते खोटं नव्हतं.

मी म्हटलं, “लिमयेबाबू, तुम्ही त्या दिवशी मला काय सांगितलंत, आणि पुढं मॅनेजरच्या खोलीत काय सांगितलंत, ते कागदावर लिहून द्या. मराठीत. खाली सही करा. मी सोनूच्या लेकीला देते. ती आता वाचते.”

त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. “आता त्याचा काय उपयोग,” म्हणाले. त्यांची गाडी आली. ते चढले. खिडकीशी बसले आणि पलीकडे तोंड करून बसले.

मी माफ केलं नाही. करणार नाही. ती माफी माझ्या एकटीची नाही, आणि जिची आहे ती उरलेली नाही. मला कोणी कठोर म्हणालं तर म्हणू दे.

बाळकुमला पोचल्यावर मी त्या मुलीला समोर बसवलं. तिची आजी आत होती, बाप मिठागरावर. मुलगी नऊ वर्षांची असेल. मी तिला सगळं सांगितलं. लहान आहे म्हणून काही गाळलं नाही. बाबूने मला काय सांगितलं. मी ते न तपासता कसं खरं मानलं. आणि तिच्या आईला जळत नाही असं मी, माझ्या तोंडाने सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि उठून आत गेली.

ती माझ्याशी पुन्हा बोलेल की नाही, मला माहीत नाही. पण मी जिवंत आहे तोवर, जिथे कोणी विचारेल तिथे, आणि विचारणार नाही तिथेही, हे सांगत राहणार. त्याने काय सांगितलं ते. मी काय सांगितलं ते. दोन्ही. त्यातलं एकही गाळून कुणाच्या कागदावर माझी सही मिळणार नाही.